हाताच्या विद्येची मोजदाद

शिक्षणाचा हिशेब निकालाच्या टक्केवारीत मांडण्याचा आपल्याकडील शिरस्ता इतका जुना आणि इतका सर्वमान्य आहे की, एखाद्या संस्थेचा निकाल पंच्याण्णव टक्के लागला म्हणजे तेथील मुले शिकली आणि साठ टक्के लागला म्हणजे ती शिकली नाहीत, असे आपण फारसा विचार न करता धरून चालतो. इतिहासात वा अर्थशास्त्रात ही समजूत बरीच वर्षे खपून जाते. परंतु ज्या विद्येचा उपयोग दुसऱ्याच दिवशी लेथवर, रुग्णाच्या शिरेवर किंवा उपाहारगृहाच्या भटारखान्यात व्हावयाचा असतो, तिच्या बाबतीत या समजुतीचे पितळ पहिल्या पाळीतच उघडे पडते. म्हणून व्यवसायशिक्षणात दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. या विद्यार्थ्याला किती गुण द्यावेत, हा पहिला. आणि या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलांना ठरवल्याबरहुकूम काय करता येते, जे येत नाही ते का येत नाही, आणि त्याची कसूर नेमकी कोणाची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दरसाल वेळापत्रकानुसार दिले जाते. दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो आणि विचारला गेलाच तर कागदोपत्री मिटवला जातो.

परळ-लालबागच्या गिरणगावात पारखीचे काम एके काळी निराळ्याच पद्धतीने चाले. कोकणातून किंवा घाटावरून आलेला पोरगा मामाच्या नाहीतर गाववाल्याच्या साच्यापाशी, म्हणजे मागापाशी, उभा राहून तुटलेला धागा जोडायला शिके, मग बदली म्हणून सकाळी गिरणीच्या फाटकावर हजेरी लावी, आणि जॉबरची, म्हणजे कामगार नेमणाऱ्या मुकादमाची, मर्जी बसली म्हणजे त्याला साचे मिळत. लेखी परीक्षा नव्हती, दाखला नव्हता. निकाल घडीखात्यात लागे. कापडात दोष निघाला तर दंड होई, आणि मुंबईच्या पुष्कळ गिरण्यांत ते बिघडलेले कापडच साचेवाल्याच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेण्याची चाल होती. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने अशा दंडांना आणि कपातींना मर्यादा घातल्या, त्यामागे ही सारी पार्श्वभूमी होती. या परीक्षेचा एक मोठा गुण असा की, ती प्रत्यक्ष कामाची परीक्षा होती. घोकंपट्टीला तेथे वाव नव्हता. पण तिचा दोषही तेवढाच मोठा होता. सूत हलक्या कापसाचे होते काय, खात्यातली हवा कोरडी होती काय, साचा किती वर्षांचा जुना होता, याची चौकशी न करता कापडाच्या प्रत्येक व्यंगाची जबाबदारी ज्याच्या हातून ते विणले गेले त्याच्यावर टाकून व्यवस्था मोकळी होई. मूल्यमापनाचा हा साचेबंद अन्याय गिरण्यांबरोबर संपला असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा.

त्याच लालबागेत गणेशमूर्तींच्या कारखान्यांत मात्र पारखीची दुसरी एक रीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. नवशिक्या मुलाला आधी माती मळणे, साच्यातून निघालेल्या भागाची खरड साफ करणे, मग सपाट रंगकाम, असे पायरीपायरीने चढवीत नेतात, आणि डोळ्यांची आखणी अगदी शेवटी त्याच्या हाती देतात. उस्ताद प्रत्येक पायरीवर पाहतो, चुकले तेथे स्वतः कुंचला घेऊन दाखवतो. हात अजून तयार नसेल तर तो पोराला खालच्या पायरीवर आणखी एक हंगाम ठेवतो. शिकण्याच्या मधल्या अवस्थेची पारख आणि शिकवण्याची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी येथे एकाच माणसाच्या नजरेत एकवटलेल्या असतात. विद्यापीठीय परिभाषेत ज्याला घडणात्मक मूल्यमापन म्हणतात, ते याहून काही वेगळे नाही.

सरकारी आणि सार्वजनिक प्रयत्नांचा इतिहासही याच भूमीवर घडला. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या ज्युबिलीनिमित्त 1887 साली भायखळ्यास स्थापन झालेली आणि 1923 साली माटुंग्यास गेलेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था, गिरण्यांना जाणकार माणसे पुरवण्याच्या हेतूनेच उभी राहिली. पण ती सोय वरच्या दर्जाच्या तंत्रज्ञांची; खात्यात राबणाऱ्या साध्या कामगाराची सोय लावण्याचा पद्धतशीर प्रयत्न पुष्कळ उशिरा झाला. युनेस्कोच्या साहाय्याने 1967 साली वरळीत देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले, ते मुंबई शहर सामाजिक शिक्षण समितीच्या पुढाकाराने. कामगाराच्या सोयीच्या वेळी, त्याच्या भाषेत आणि त्याच्या प्रत्यक्ष गरजेपुरते शिकवावयाचे, आणि हस्तकौशल्याबरोबर हिशेब, आरोग्य व नागरिकत्व यांचीही ओळख करून द्यावयाची, हे या विद्यापीठाचे सूत्र होते. परदेशात ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात त्याचे आपल्या मातीतले सर्वांत जवळचे नातलग हेच म्हणता येईल. 2000 साली अशा श्रमिक विद्यापीठांना जनशिक्षण संस्थान हे नाव मिळाले आणि 2018 मध्ये ती कौशल्य विकास मंत्रालयाच्या अखत्यारीत गेली.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांना रस्त्यावर आणले, तेव्हा या विषयाची एक विदारक बाजू उघडी पडली. वीस-वीस वर्षे साचे चालवलेल्या माणसाजवळ आपल्या कसबाचा एकही कागदोपत्री पुरावा नव्हता. गिरणीच्या फाटकाबाहेर तो अकुशल ठरला. आधीच अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत 2015 पासून झाली खरी, परंतु गिरणगावाच्या दृष्टीने ती एका पिढीइतकी उशिरा आली.

आता आजची व्यवस्था पाहू. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतली, म्हणजे आपल्या आयटीआयमधली, शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना 1950 सालची. तिच्या अभ्यासक्रमात अलीकडे प्रत्येक व्यवसायासाठी अपेक्षित कौशल्यांची यादी आणि प्रत्येक कौशल्यासमोर ते कसे तपासावे याच्या कसोट्या दिलेल्या असतात. जोडाऱ्याचे, म्हणजे फिटरचे, उदाहरण घेऊ. शेगड्यात लोखंडाचा तुकडा धरून, कानस मारून, नर-मादी पद्धतीचे दोन भाग असे घडवावयाचे की ते एकमेकांत सरकत बसावेत, आणि चूक राहिलीच तर ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजण्याइतकी राहावी. हा ‘जॉब’ तपासताना निव्वळ माप पाहिले जात नाही. हत्यारे कशी हाताळली, कामात सफाई आणि सातत्य किती, आणि मुख्य म्हणजे निदेशकाची मदत किती लागली, यावरून श्रेणी ठरते. अधूनमधून मदत लागलेला, थोडकी मदत लागलेला आणि जवळजवळ स्वतःच्या बळावर काम उरकणारा, असे तीन पट्टे सरकारी दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहेत. प्रात्यक्षिकात आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनात किमान 60 टक्के गुण मिळवावे लागतात, इतर विषयांत 33 पुरतात. जॉब, रोजनिशी, हजेरी, तोंडी परीक्षेची नोंद, प्रगतीचा तक्ता हा सर्व पुरावा पुढील परीक्षेपर्यंत जपून ठेवण्याचाही दंडक आहे. सरकारी कारभाराची निंदा करणे सोपे असते. पण हा मसुदा ज्यांनी केला त्यांनी कारखाना आतून पाहिला होता, हे मान्य केले पाहिजे.

मात्र एवढ्याने आपला दुसरा प्रश्न सुटत नाही. समजा, एका तुकडीतल्या वीस मुलांपैकी बारा मुलांचा कोनाचा जोड सतत तीन वर्षे बिघडतो आहे. प्रत्येकाला कमी गुण देऊन निकालपत्रावर सही करता येते, आणि बहुतेक ठिकाणी तसेच होते. पण त्या बारा जॉबच्या नोंदी एकत्र मांडून कोणी पाहिल्या, तर कदाचित असे दिसेल की कोन मोजण्याचे साधन तुकडीत एकच आहे आणि ते हाती येईपर्यंत तास संपतो. किंवा गणिताच्या तासाला कोनाची मापे शिकवली जातात ती कार्यशाळेत त्यांची गरज पडून गेल्यानंतर दोन महिन्यांनी. म्हणजे चूक बारा मुलांच्या हातात नव्हती. अभ्यासक्रमाच्या पातळीवरील मूल्यमापन म्हणतात ते हेच: वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या कामातील समान व्यंग शोधणे, त्याचे कारण संस्थेच्या अंगणात धुंडाळणे, दुरुस्ती करणे, आणि पुढल्या वर्षी ते व्यंग गेले की नाही याचा पडताळा घेणे. यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा गाळली जाते.

दादरच्या कॅटरिंग कॉलेजातली, म्हणजे 1954 साली स्थापन झालेल्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेतली, प्रात्यक्षिक परीक्षा या संदर्भात मनन करण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला पदार्थांची यादी मिळाली की प्रथम त्याने कोठीतून काय व किती सामान लागेल याची मागणीपत्रिका करावयाची, मग कोणते काम कोणत्या क्रमाने उरकणार याची योजना लिहावयाची, मग ठराविक मुदतीत रांधावयाचे, वाढावयाचे आणि शेवटी आपला ओटा व भांडी लख्ख करून द्यावयाची. या साऱ्यास वेगवेगळे गुण असतात, अगदी भांडी घासण्यालासुद्धा. परिणामी एखाद्याचा रस्सा फसला तर तो मागणीपत्रिकेत फसला, क्रमात फसला की शेगडीवर फसला, हे परीक्षकाला सांगता येते. चवीबद्दल मतभेद होतात, ते व्हावेतच; पण अपयशाचे ठिकाण कळले म्हणजे शिकवणाऱ्याला उद्याच्या तासाची दिशा मिळते. वैद्यकीय व परिचर्या शिक्षणात 1975 साली डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी जी नवी परीक्षापद्धती मांडली तीत हेच तत्त्व आहे. विद्यार्थी एकामागून एक ठाण्यांवर जातो, एका ठिकाणी रक्तदाब मोजतो, दुसऱ्या ठिकाणी रुग्णाशी बोलून माहिती घेतो, आणि परीक्षक आधी ठरलेल्या तक्त्यावर पायरीपायरीने खुणा करतो. परळच्या रुग्णालयांच्या परिसरात हाताचे काम शिकणाऱ्या असंख्य मुलामुलींच्या दृष्टीने ही पद्धती न्याय्य आहे, कारण तीत परीक्षकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीला फारसा वाव राहत नाही.

तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या प्रांतात याच विचाराची काय गत झाली, तेही सांगितले पाहिजे. 2014 साली भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन करारात कायम सदस्य म्हणून सामील झाला, आणि राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या मान्यतेसाठी प्रत्येक विषयाची ‘कोर्स आउटकम्स’ आणि संपूर्ण अभ्यासक्रमाची ‘प्रोग्रॅम आउटकम्स’ लिहून त्यांचा मेळ घालणे आवश्यक झाले. कल्पना निःसंशय चांगली. प्रत्यक्षात मात्र सीओ-पीओचे तक्ते भरणे हा प्राध्यापकांच्या माथी मारलेला एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला आहे. सत्र परीक्षेचे तेच जुने गुण संगणकाच्या तक्त्यात एका बाजूने ओतावयाचे, दुसऱ्या बाजूने दोन दशांश स्थळांपर्यंत ‘साध्यता’ काढावयाची, आणि ती अपेक्षेइतकी आली नाही तर अपेक्षाच जरा खाली आणावयाची, हा खेळ ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना त्याचे हसूही येईनासे झाले आहे. गुण ज्या प्रश्नपत्रिकेतून आले तिने हाताचे कौशल्य विचारलेच नसेल, तर कितीही सूक्ष्म अपूर्णांक काढला तरी त्यातून कौशल्याचा पत्ता लागणार नाही. दफ्तर सजते, कार्यशाळेतला लेथ मात्र आहे तसाच राहतो.

कौशल्य योजनांनी यावर उपाय म्हणून परीक्षकच बाहेरचा आणला. 2013 च्या डिसेंबरात राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा जाहीर झाला. पुढे शिकवणारी संस्था आणि पारख करणारी संस्था वेगळ्या ठेवण्याचा दंडक आला, आणि 2018 मध्ये या सर्वांवर देखरेख करण्यासाठी राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद अधिसूचित झाली. पक्षपात टाळण्यासाठी हे योग्यच. पण अर्ध्या दिवसात येऊन सबंध तुकडीची पारख आटोपून जाणाऱ्या पाहुण्याला वर्षभरातली वाढ दिसत नाही, आणि त्याचा अहवाल वर्गात परत येऊन शिकवण्यात फरक पडल्याची उदाहरणे विरळाच.

अमेरिकेत 1901 साली जोलिएट येथे पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले, त्याच्या वंशातल्या कम्युनिटी कॉलेजांत व्यावसायिक अभ्यासक्रमांना स्थानिक मालक व कारागीर यांची सल्लागार समिती असते. व्यवसाय-परवान्याच्या परीक्षेत आपली मुले किती टिकली हा आकडाही तेथे पुराव्यात धरतात. आपल्याकडे पुदुच्चेरीत 1995 साली आणि मद्रासेत 1996 साली ही कल्पना रुजली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने तिला योजनेचे रूप दिले, आणि तिच्या जोडीने आलेल्या बी.व्होक. पदवीत 60 टक्के कौशल्य व 40 टक्के सामान्य शिक्षण असा वाटा ठरला. नाव आणि प्रमाण आपण उचलले; मालक-कारागिरांची समिती मात्र पुष्कळ ठिकाणी वार्षिक चहापाण्यापुरतीच उरली आहे. गिरणगावात तिची उणीव विशेष खटकते. निवृत्त जोडारी, रेल्वेच्या परळ आणि माटुंगा कारखान्यांतले जुने कारागीर, रुग्णालयांतल्या ज्येष्ठ परिचारिका, नावाजलेल्या खाणावळींचे आचारी अशी पारखी माणसे येथे चाळीचाळीतून आढळतात. वर्षातून दोन दिवस यांना संस्थेत बोलावून मुलांचे जॉब त्यांच्यापुढे मांडले, आणि कोणाला किती गुण हा प्रश्न बाजूला ठेवून ‘या सगळ्यांना काय येत नाही?’ एवढेच विचारले, तर हजार तक्त्यांतून न मिळणारी माहिती एका दुपारी हाती येईल.

ज्या घरातले मूल यंदा आयटीआय, तंत्रनिकेतन किंवा एखाद्या कौशल्य अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी रांगेत उभे राहणार आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. संस्थेचा निकाल किती लागला हे फलकावर वाचालच. त्यानंतर कार्यशाळेत जाऊन गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेली कामे पाहावयास मागा, ती मुले आज कोठे काम करतात याची नोंदवही ठेवली आहे काय ते विचारा, आणि मागील तीन वर्षांत मुलांना जमत नसलेली कोणती गोष्ट संस्थेच्या ध्यानात आली व त्यासाठी तिने शिकवण्यात काय बदलले, हे प्राचार्यांकडून ऐकून घ्या. उत्तर देताना ते फाईल काढू लागले तर थोडे थांबा. कार्यशाळेचे दार उघडून दाखवू लागले तर प्रवेश घ्या.