विळ्याला पाणी देताना पोलादात काय घडते?



सोयाबीनच्या सोंगणीआधी बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांत लोहाराचा भाता जोरात चालतो. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा ऐरणीवर ठोकून लोहार विळा घडवितो व लाल तापवून पाण्यात बुडवितो. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. विळा कठीण होतो. पण कधी कधी तडकतो, आणि मेहनत व पैसा दोन्ही वाया जातात. असे का होते?

पोलाद म्हणजे लोखंड व थोडा कार्बन. लोखंडाचे अणू स्फटिकात शिस्तीने रचलेले असतात. थंड पोलादात ते घनाच्या आठ कोपऱ्यांवर व मध्यभागी असतात. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर रचना बदलू लागते. मधला अणू नाहीसा होऊन घनाच्या सहा बाजूंच्या मध्यावर अणू येतात व पोकळ्यांत कार्बन सामावतो. पोलाद सावकाश थंड केल्यास कार्बन वेगळा होतो. पाण्यात एकदम थंड केल्यास त्याला सवडच मिळत नाही. अडकलेल्या कार्बनमुळे घन एका दिशेने ताणला जातो. या कठीण रचनेला जर्मन शास्त्रज्ञ आडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात.

हा बदल कवायतीसारखा असतो. अणू आपले शेजारी न सोडता एकत्र किंचित सरकतात. म्हणून नव्या स्फटिकाची दिशा जुन्याशी बांधलेली राहते. कुर्द्यूमॉव्ह व झाक्स यांनी १९३० मध्ये मांडलेल्या संबंधानुसार एका जुन्या स्फटिकात नवे स्फटिक २४ दिशांनी उभे राहू शकतात. प्रत्येक जण शेजाऱ्याला रेटतो. शिवाय आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. निरनिराळ्या दिशांचे रेटे काही अंशी परस्परांना खोडतात, पण सर्व नव्हे. त्यात बाहेरचा थर आधी थंड होऊन कडक बनतो व मागाहून आतला भाग फुगतो. बाहेरच्या थरावर ताण येऊन तेथेच तडा जातो.

अशा पोलादाला पाण्याऐवजी तेलात थंड केल्यास तडकण्याची भीती कमी होते. त्यानंतर पात्याला पुन्हा हलका ताव द्यावा लागतो. घासलेल्या पात्यावर पिवळसर, मग निळा रंग चढतो. त्यावरून उष्णतेचा अंदाज येतो. कार्बन सूक्ष्म कणांत बाहेर पडतो, ताण उतरतो. थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो.

स्फटिकांच्या या दिशा आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजता येतात. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये त्यासाठी राष्ट्रीय सुविधा उभारण्यात आली. भट्टीवरचा अनुभव व प्रयोगशाळेतील मोजमाप या एकाच ज्ञानाच्या दोन पायऱ्या होत. ज्यांच्या घरी ऐरण आहे, त्या मुलामुलींनी त्या कामाची लाज बाळगू नये. पहिली पायरी त्यांच्या अंगणातच आहे. दुसरी चढण्यासाठी धातुशास्त्र अवश्य शिकावे.