सरपणाचा हिशेब मांडणारी राष्ट्राध्यक्ष

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात १९८९ साली भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी एक प्रबंध सादर झाला. विषय होता खेड्यातल्या घरची लाकडाची चूल आणि तिचं उष्मागतिकशास्त्र. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कृष्णविवरं खुणावतात, मूलकण खुणावतात; या विद्यार्थिनीने चूल निवडली. तिचं नाव क्लाउडिया शेनबॉम. १ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या देशाच्या दोनशे वर्षांच्या प्रजासत्ताकात या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री.

त्यांचं पुढचं सगळं आयुष्य समजून घ्यायचं तर त्या चुलीपाशी थोडं थांबायला हवं. मिचोआकान राज्यात पुरेपेचा या मूलनिवासी लोकांची खेडी आहेत. तिथल्या बाईचा दिवस मक्याभोवती फिरतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, भिजत ठेवायचा, वाटायचा आणि मग ‘कोमाल’ नावाच्या पसरट तव्यावर तोर्तिया भाजत बसायचं. हे सगळं लाकडावर. उघड्या चुलीतली बहुतेक उष्णता भांड्याला लागतच नाही. ती बाजूने निसटते, धुराबरोबर वर जाते, उरलेली माती शोषून घेते. म्हणजे सरपण जास्त, ते आणायला पायपीट जास्त, आणि घरभर साचलेला धूर बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या पोराच्या छातीत. शेनबॉम त्या खेड्यांत गेल्या आणि हिशेब मांडू लागल्या: लाकूड किती जळलं, त्यातली किती उष्णता भांड्यात पोचली, चुलीची ठेवण बदलली तर किती वाचेल?

आपल्याकडेही निर्धूर चुलीसाठी आयुष्यं वेचलेली माणसं आहेत. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने सुधारित चुलींवर केलेलं काम अनेकांना ठाऊक असेल. त्यामुळे हा विषय किती चिवट आहे हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरात नकोशी होते, कारण तिच्यावर भाकरी नीट फुगत नाही किंवा मोठं पातेलं बसत नाही. चूल सुधारायची तर आधी रांधणारीचं ऐकावं लागतं. विज्ञान आणि राजकारण यांची गाठ शेनबॉम यांच्या आयुष्यात इथेच पडली, असं मला वाटतं.

घरातूनच दोन्ही गोष्टी आल्या होत्या. २४ जून १९६२ला मेक्सिको सिटीत त्यांचा जन्म झाला. वडील कार्लोस शेनबॉम रसायनतज्ज्ञ, आई ॲनी पार्दो जीवशास्त्रज्ञ आणि प्राध्यापक. वडिलांकडचे आजी-आजोबा लिथुआनियातून आलेले ज्यू, आईकडचे बल्गेरियातून. आईवडील डाव्या चळवळीत होते. २ ऑक्टोबर १९६८ला त्लातेलोल्को चौकात सैन्याने आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा क्लाउडिया सहा वर्षांच्या होत्या. स्वतःला त्या ६८च्या चळवळीची लेक म्हणवतात. पुढे १९८६-८७मध्ये विद्यापीठाने शुल्कवाढ आणि प्रवेशाचे कडक नियम आणले, तेव्हा संप करणाऱ्या विद्यार्थी परिषदेत त्या होत्या. विद्यापीठाला माघार घ्यावी लागली.

नंतरची काही वर्षं कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत गेली. तिथे त्यांनी मेक्सिकोतली घरं आणि वाहनं किती ऊर्जा खातात याचा अभ्यास केला. १९९१मध्ये मेक्सिकोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष सालिनास स्टॅनफर्ड विद्यापीठात आले, तेव्हा हातात फलक घेऊन निदर्शनं करणाऱ्या शेनबॉम यांचं छायाचित्र विद्यापीठाच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर झळकलं. १९९५मध्ये ऊर्जा अभियांत्रिकीची डॉक्टरेट घेऊन त्या प्राध्यापक झाल्या. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या चौथ्या अहवालाला त्यांनी हातभार लावला. त्याच समितीला २००७चं शांततेचं नोबेल अल गोर यांच्याबरोबर विभागून मिळालं. पाचव्या अहवालात उद्योगक्षेत्रावरच्या प्रकरणाच्या प्रमुख लेखकांपैकी त्या एक होत्या.

मधल्या काळात, २००० साली, मेक्सिको सिटीचे नवे शासनप्रमुख आंद्रेस मान्युएल लोपेझ ओब्रादोर यांनी त्यांना पर्यावरण खातं सांभाळायला बोलावलं. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. हवा विरळ, त्यामुळे इंधन नीट जळत नाही, आणि झालेला धूर डोंगरांच्या कढईत अडकून पडतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांत त्याची गणना होत होती. शेनबॉम यांच्या काळात, २००५मध्ये, इन्सुर्खेन्तेस या लांबलचक रस्त्यावर मेट्रोबस सुरू झाली. खटारा मिनीबसच्या जागी वेगळ्या मार्गिकेतून धावणाऱ्या मोठ्या बस आल्या. पुढे २०१८मध्ये त्या स्वतः शहराच्या शासनप्रमुख झाल्या, आणि २०२१मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना मेट्रोशी जोडणारी ‘केबलबुस’ ही रोपवे सेवा सुरू झाली. रोपवे म्हटलं की आपल्याला देवदर्शन किंवा पर्यटन आठवतं. तिथे माणसं त्यातून कामावर जातात. शहरांबद्दल कळकळ असणाऱ्या प्रत्येकाने बघावा असा हा प्रयोग आहे.

पण वैज्ञानिक सत्तेवर आला की सगळं शास्त्रशुद्ध होतं, हा भाबडेपणा शेनबॉम यांच्या कारकिर्दीपुढे टिकत नाही. करोनाच्या साथीत लोपेझ ओब्रादोर राष्ट्राध्यक्ष होते आणि मुखपट्टीला फारसं मानत नव्हते. शेनबॉम मात्र मुखपट्टी लावून वावरत आणि शहरात चाचण्या वाढवत राहिल्या. आपल्या नेत्याशी जाहीर भांडण न करता स्वतःचं शास्त्र पाळणं सोपं नव्हतं. त्याच शेनबॉम यांच्या प्रशासनाने करोनाच्या रुग्णांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वाटल्या. औषध उपयोगी असल्याचा पुरेसा पुरावा नव्हता. त्याचं समर्थन करणारा सरकारी अधिकाऱ्यांचा निबंध नंतर संशोधनाच्या संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आला. चुलीची उष्णता मोजणाऱ्या व्यक्तीच्या राजवटीत हे घडावं, हे मला खटकतं. ३ मे २०२१ रोजी मेट्रोच्या १२व्या मार्गावरचा पूल कोसळून २६ माणसं गेली. मार्ग आधीच्या एका सरकारने बांधलेला होता. देखभाल मात्र त्यांच्या सरकारकडे होती.

तरीही २ जून २०२४च्या निवडणुकीत त्यांना सुमारे ६० टक्के मतं मिळाली, म्हणजे साडेतीन कोटींहून अधिक. मुख्य प्रतिस्पर्धी सोचित्ल गाल्वेस याही स्त्री आणि त्याही अभियंता. ज्या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क १९५३ साली मिळाला, तिथे सत्तरेक वर्षांत मुख्य लढत दोन स्त्रियांत झाली. म्हणून बायकांचं जगणं सुखाचं झालं असं नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये राजधानीतल्या भर रस्त्यात एका दारुड्याने खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या अंगाला हात लावला. शेनबॉम यांनी रीतसर फिर्याद दिली, आणि असा लैंगिक छळ देशातल्या प्रत्येक राज्यात गुन्हा ठरावा असा आग्रह धरला. गप्प बसणं त्यांना सोपं गेलं असतं.

खरी परीक्षा तेलाची आहे. ‘पेमेक्स’ ही सरकारी तेल कंपनी मेक्सिकोचा अभिमान आहे आणि कर्जाचा डोंगरही. लोपेझ ओब्रादोर यांनी तिच्यावर पैसा ओतला, नवी रिफायनरी बांधली. त्यांचा वारसा घेऊन निवडून आलेल्या शेनबॉम यांनीही कंपनीला सरकारी आधार देणं सुरू ठेवलं आहे. दुसरीकडे २०३०पर्यंत वीजनिर्मितीत नवीकरणीय ऊर्जेचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत नेण्याचं उद्दिष्टही त्यांच्याच सरकारने जाहीर केलं होतं. जागतिक हवामान अहवालात लिहिलेलं स्वतःच्या देशात करून दाखवायची संधी फार थोड्या शास्त्रज्ञांना मिळते. त्यांनी ती पेमेक्सच्या भिडेपोटी घालवू नये.

मेक्सिकोत राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत मिळते, पुन्हा उभं राहता येत नाही. शेनबॉम यांची मुदत ३० सप्टेंबर २०३० रोजी संपते.