दूध जाड होत नाही

बारामतीत इंग्रजी शाळेत जाणाऱ्या माझ्या नातीने परवा विचारले, "नाना, थिकन म्हणजे जाड होणे ना?" पुस्तकात वाक्य होते की मंद आचेवर ठेवले म्हणजे दूध 'थिकन' होते. आता दूध जाड कसे होईल? "आटते," मी म्हणालो. तिला शब्दच ठाऊक नव्हता. शीरखुर्म्याचे दूध दर ईदला तिच्यासमोर आटते, पण शब्द कानावर पडला नाही. चूक आम्हा घरच्यांचीच.

'थिक'ला 'एन' जोडून हे क्रियापद झाले. आपोआप दाट होणे आणि मुद्दाम दाट करणे, दोन्हींना ते चालते. सूप, धुके, गर्दी, कंबर, इंग्रज सगळ्यांना हा एकच शब्द लावतो. गोष्टीतला पेच वाढला तर कथानकसुद्धा 'थिकन' होते! आपल्याकडे धुके दाटते, पिठले आळते, तूप थिजते, रक्त साकळते आणि माणूस अंगाने सुटतो. रडू आवरताना इंग्रजाचा आवाज 'थिकन' होतो, आपला गळा दाटतो. तेवढे मात्र जुळते.

पण आटण्याचे काय? गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळतो, मळी काढतात, पाणी उडते, मग काकवी होते आणि पुढे गूळ. काहीतरी गेले म्हणून उरलेले घट्ट झाले. रश्शात कॉर्नफ्लोअर कालवले तर रस्सा दाट होतो, आटत नाही. इंग्रजीत दोन्ही 'थिकन'च. इंग्रजी शब्द दाटपणा पाहतो, आपला शब्द काय कमी झाले ते पाहतो.

म्हणूनच विहीरही आटते आणि म्हैसही आटते. तिथे 'थिकन' लावून पाहा! इंदापूर तालुक्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. उजनीचे पाणी आटत गेले की पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते. लोक बघायला जातात, फोटो काढतात. माझी अम्मी १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलायची तेव्हा 'पाणी आटलं' एवढेच म्हणायची आणि गप्प व्हायची.

नातीने वहीत 'दाट होणे' असे लिहिले. परीक्षेत तेच बरोबर धरतील. शेजारी पेन्सिलीने 'आटणे' लिहून तिने मला विचारले, "नाना, हे पुसू नको ना?"