लघुविश्व असे घडते

जाहिरातीतले लघुविश्व म्हणजे वस्तूभोवती उभारलेले छोट्या प्रमाणातले जग. हातांनी केलेली प्रतिकृती आणि संगणकीय संस्करण यांच्या मेळातून ते साकारते. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात एकेक चौकट टिपून काड्या हलत्या केल्या; छोट्या वस्तूंत जीव ओतण्याची ही महाराष्ट्रातली जुनी परंपरा.

प्रमाण : रेल्वे-प्रतिकृतींचे १:८७ हे प्रमाण सोयीचे, कारण त्यातल्या बाहुल्या तयार मिळतात. या प्रमाणात माणूस सुमारे २ सेंटिमीटरचा होतो, तर पनवेलजवळच्या कर्नाळ्याचा सुमारे १२५ फुटांचा सुळका दीड फुटात मावतो.

हातकाम : थर्माकोलचे थर चिकटवून पात्याने कडे कोरतात. स्प्रे रंगाने थर्माकोल विरघळतो, म्हणून आधी जलरंगाचा लेप देतात. कोरड्या ब्रशने कडांवर फिकट राखाडी रंग फिरवला की कातळ उठून दिसतो. गवतासाठी रंगवलेला भुसा, पाण्यासाठी पारदर्शक रेझिन वापरतात.

छायाचित्रण : कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतात. जवळून टिपताना चित्राचा थोडाच भाग स्पष्ट येतो आणि धूसर पार्श्वभूमीमुळे छोटेपणा उघडा पडतो. म्हणून फोकस सरकवत अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर जोडतात.

संगणक : टेकू आणि तारा पुसणे, आकाश व धुके भरणे ही कामे शेवटी होतात. भरलेल्या भागातील प्रकाशाची दिशा, सावली आणि धूसरपणा मूळ छायाचित्राशी जुळला, तरच दृश्य खरे वाटते.