जनुकीय सुधारित बटाटा आणि घरचा वाफा

सजीवाचे आनुवंशिक गुण ठरवणाऱ्या जनुकांत प्रयोगशाळेत बदल करून, किंवा दुसऱ्या जीवाचे जनुक त्यांत घालून घडवलेल्या वाणास जनुकीय सुधारित वाण म्हणतात. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी बटाट्याच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींना, म्हणजे मातीतील धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींना, दाद न देणारा बटाटा याच तंत्राने विकसित केला. तांदळात निसर्गतः आढळणारे सिस्टॅटिन हे प्रथिन कृमीच्या पचनात अडथळा आणते, या तत्त्वावर तेथील बरेच संशोधन आधारलेले आहे. २००८ साली मात्र टॅडकास्टरजवळच्या विद्यापीठाच्या शेतातील चाचणीची रोपे विरोधकांनी उपटून टाकली.

या विरोधामागे परागकणांतून होणारा संकर आणि बियाण्यावरील कंपन्यांची मक्तेदारी ही भीती असते. परंतु बटाट्याची लागवड कंदापासून होत असल्याने, शेजारून पराग आला तरी कंदाचे गुण बदलत नाहीत. ब्रिटनमध्ये ०.९ टक्क्यांहून अधिक जनुकीय सुधारित अंश असलेल्या अन्नघटकावर तशी नोंद बंधनकारक आहे. अशा चाऱ्यावर पोसलेल्या जनावरांच्या दूधमांसावर मात्र ती लागत नाही.

असे अन्न टाळण्यासाठी स्वतः भाजी पिकवण्याकडे वळणाऱ्यांना १९०८ च्या कायद्याचा आधार आहे, कारण मागणी असल्यास स्थानिक परिषदेने ‘अलॉटमेंट’, म्हणजे अल्प भाड्याचा वाफा, पुरवणे त्यात अपेक्षित आहे. पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलेले बियाणे साध्या संकराचे असते, जनुकीय सुधारित नव्हे. सूत्रकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकत असल्याने बटाट्याची जागा दरवर्षी बदलणे आणि प्रमाणित बेणे वापरणे हेच अशा वाफ्यातील व्यवहार्य उपाय ठरतात.