म्युनिकमधला गर्भपात : बेकायदा, पण जीवघेणा नाही

जर्मन दंडसंहितेतले कलम २१८ हे १८७१ सालचे. त्यात बदल अनेकदा झाले, पण ते रद्द आजही झालेले नाही. तरीही म्युनिकमधली एखादी स्त्री समुपदेशन घेऊन पहिल्या बारा आठवड्यांत डॉक्टरकडे गर्भपात करून घेते, तेव्हा तिला शिक्षा होत नाही. ती दगावण्याचा धोकाही अत्यल्प असतो. तिच्या पणजीच्या काळी मात्र हे प्रकरण जिवावर बेतायचे.

गर्भाशयात पिचकारीने साबणाचे पाणी सोडणे, विणकामाची सुई घालणे, हे तेव्हाचे उपाय. सुईने गर्भाशयाला भोक पडे, पाण्याबरोबर गेलेली हवा रक्तात शिरे, जंतुसंसर्ग अंगभर पसरे, मूत्रपिंडे निकामी होत. ताप चढला तरी डॉक्टरला बोलवायची सोय नव्हती, कारण बोलावणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. दाखल्यावर कारण लागे ‘रक्तदोष’ किंवा असेच काही. म्हणूनच त्या काळच्या बळींचे आकडे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पेशाने डॉक्टर असलेल्या फ्रीडरिश वोल्फ यांनी १९२९ मध्ये ‘त्स्यांकाली’ (Cyankali) हे नाटक याच विषयावर लिहिले. दोन वर्षांनी कलम २१८ खाली त्यांनाच अटक झाली. नाझींनी तर १९४३ मध्ये काही प्रकरणांत मृत्युदंड ठेवला.

मृत्यू घटण्याचे सगळे श्रेय कायद्याला देणे बरोबर नाही. सल्फा औषधे १९३५ नंतर आली, मागोमाग पेनिसिलिन आले आणि कायदा तसाच असतानाही अनेकजणी वाचल्या. पण औषध उपयोगी पडते ते वेळेवर दवाखान्यात पोहोचणाऱ्या बाईला. कायद्याचा स्वतंत्र परिणाम पाहायचा तर रुमानियाकडे पाहावे. तिथे १९६६ पासूनची बंदी डिसेंबर १९८९ मध्ये उठली. त्या वर्षी लाख जन्मांमागे सुमारे १७० माता दगावल्या होत्या, पुढच्याच वर्षी हे प्रमाण निम्म्यावर आले. एका वर्षात ना औषधे बदलली, ना डॉक्टर.

पूर्व जर्मनीने १९७२ मध्ये पहिल्या बारा आठवड्यांत मोकळीक दिली. पश्चिमेचा तसाच कायदा घटना न्यायालयाने १९७५ मध्ये फेटाळला. १९७६ पासून ठरावीक कारणांसाठी परवानगी मिळाली, पण म्युनिक ज्या राज्यात आहे त्या कॅथलिक बायर्नमध्ये (बव्हेरियात) डॉक्टर मिळणे कठीण, म्हणून बायका नेदरलँड्स गाठत. म्युनिकपासून फार लांब नसलेल्या मेमिंगेनमध्ये १९८८-८९ साली एका डॉक्टरवर खटला चालला. रुग्णांच्या फायली जप्त झाल्या आणि कित्येक स्त्रियांना कोर्टात उभे राहावे लागले. सध्याचा कायदा १९९५ चा. तरी बायर्नने स्वतःचे कडक नियम केलेच. डॉक्टरच्या उत्पन्नात गर्भपाताचा वाटा एक चतुर्थांशाहून जास्त नको, असाही त्यात एक नियम होता! १९९८ मध्ये घटना न्यायालयाने तो मोडीत काढला.

आपल्याकडे महाराष्ट्राचे मंत्री शांतीलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. गुन्ह्याला अपवाद करण्याची वाट आपणही धरली, आणि पश्चिम जर्मनीच्या १९७६ च्या कायद्याआधी धरली.

म्युनिकमध्ये शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मराठी मुलींनी एवढे लक्षात ठेवावे : समुपदेशन मोफत असते, नाव न सांगताही घेता येते, आणि त्यानंतर गर्भपाताआधी तीन दिवस थांबावे लागते.