शेवंती रात्र मोजते

उत्तर अमेरिकेतली शाळकरी मुले हिवाळ्याआधी ट्यूलिपचे कंद पुरतात आणि पहिले फूल उमलले की तारीख लिहून ठेवतात. ‘जर्नी नॉर्थ’ या उपक्रमात गावोगावच्या अशा तारखांवरून वसंत उत्तरेकडे कसा सरकतो, ते कळते. ट्यूलिपला मात्र फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. ती सोलापुरात कुठली? इथल्या शाळेत हे काम शेवंतीला सांगावे.

शेवंती रात्रीची लांबी ओळखते. सोलापुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास १० मिनिटांचा, डिसेंबरातला सर्वांत लहान ११ तासांचा. फरक दोन तासांचाच, पण तिला तेवढा पुरतो. पावसाळा सरता सरता रात्री लांबतात आणि शेंड्याला पानांऐवजी कळी धरते.

लागवडीला एकाच झाडाच्या काश्या घ्याव्यात, म्हणजे वाण एक राहतो. कुंड्या, माती, लागवडीचा दिवस सारखाच हवा. शेंडे खुडायचे तर सगळ्या रोपांचे एकाच दिवशी. कुंड्या रस्त्यावरच्या दिव्यापासून लांब ठेवाव्यात, कारण मध्यरात्री उजेड पडला तर शेवंतीच्या लेखी रात्र मोडते आणि कळी धरणे लांबते. एक कुंडी मुद्दाम दिव्याखाली ठेवली, तर मुलांना हे डोळ्यांनी दिसेल.

दर आठवड्याला ठरल्या वारी नोंद करावी: कळी दिसली का, फूल उमलले का, पाऊस किती, कमाल तापमान किती. तारीख इंग्रजी महिन्याची लिहावी. अधिक महिना आला की तिथी पुढे जाते आणि वर्षांची तुलना फसते.

खरी गंमत दुसऱ्या वर्षी. अमुक तारखेची रात्र दरवर्षी तेवढीच लांब असते. मग फूल आठवडाभर उशिरा आले, तर दोष रात्रीचा नाही. तापमानाचे आकडे पाहावेत. कळी धरताना फार उष्मा असला तर शेवंती रेंगाळते. पाणी चुकले होते का, तेही तपासावे.

जोडीला अंगणातला कडुनिंब पाहावा. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात शाळा अशाच ओळखीच्या झाडांची पाने, फुले, फळे दर आठवड्याला नोंदवतात. एका वर्षाची वही म्हणजे नुसती आठवण. पुढच्या तुकडीने त्याच वहीत, त्याच पद्धतीने लिहिले, तरच तिच्यातून ऋतू वाचता येतो.